सागवानाला 'अनडू' नसतो

गेले सहा वीकांत मी एक पाटी करतोय. म्हणजे खरं सांगायचं तर त्यातले पाच वीकांत ती पाटी कुठल्या सॉफ्टवेअरने करायची हे ठरवण्यात गेले, आणि पाटी झाली सहाव्या रविवारी, सव्वा तासात. आमच्या धंद्यात याला 'इव्हॅल्युएशन फेज' म्हणतात. आई टंगळमंगळ म्हणते.

तर झालं असं. गावचं घर दोन वर्षांपूर्वी पाडलं. भिंती मातीच्याच होत्या, त्या मातीत मिळाल्या. वासे आणि तुळया काकांनी वाटून घेतल्या. बाबांनी काही मागितलं नाही, फक्त माजघराच्या दाराच्या फळीचा एक तुकडा गोणपाटात गुंडाळून एस.टी.ने घेऊन आले. जुनं सागवान. अकरा इंच लांब, सहा इंच रुंद, पाऊण इंच जाड. "घराला पाटी करू. श्रमसाफल्य," म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, प्रत्येक सोसायटीत एक श्रमसाफल्य असतं." त्यावर ते काही बोलले नाहीत, आणि फळी दिवाणाखाली गेली.

मग मागच्या दिवाळीत मी एक छोटं सीएनसी मशीन घेतलं. ३०१८ म्हणतात त्याला, कारण ३०० बाय १८० मिलिमीटर एवढ्या जागेत ते काम करतं. खोका घरी येतो, आत ॲल्युमिनियमचे बार, तीन स्टेपर मोटर, एक स्पिंडल, तळहाताएवढं सर्किट बोर्ड आणि स्क्रूंच्या सतरा पुड्या. जोडायला एक शनिवार गेला. बाल्कनीत टेबलावर ठेवलं. आवाज मिक्सरपेक्षा थोडा जास्त, भुसा मात्र मिक्सरच्या बापासारखा!

मशीन बघून बाबांनी दिवाणाखालून फळी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. तेव्हा लक्षात आलं की प्रकरण गंभीर आहे. ऑफिसात प्रॉडक्शनला काही फुटलं तर रोलबॅक असतो. इथे फळी एकच होती, आणि दुसरी आणायला ते घरच आता उभं नव्हतं.

*

हा छंद लागू नये म्हणून आधीच सांगतो, सीएनसीला एक सॉफ्टवेअर लागत नाही, तीन लागतात. शिंप्याचं उदाहरण घ्या. एक जण कागदावर कपड्याचं चित्र काढतो. दुसरा ते चित्र बघून कापडावर खडूने रेघा मारतो, की इथून कापायचं, एवढी शिलाई सोडायची. तिसरा कात्री चालवतो. चित्र काढणारं ते कॅड. खडूच्या रेघा मारणारं ते कॅम, म्हणजे कुठलं कटर, किती खोल, किती वेगाने, कुठल्या वाटेने जाणार हे ठरवणारं. आणि कात्री चालवणारा तो कंट्रोलर, शिवाय त्याला एकेक ओळ वाचून दाखवणारा 'सेंडर'.

कॅम आणि कंट्रोलर यांच्यामध्ये जी फाइल जाते ती जी-कोडची. साधी टेक्स्ट फाइल, नोटपॅडमध्ये उघडणारी. तिचं मूळ पार जुनं आहे. एमआयटीमध्ये १९५२ साली भोकं पाडलेल्या कागदी फितीवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं गेलं, त्या घराण्यातली ही भाषा. अमेरिकेत १९८० साली तिचं आरएस-२७४-डी नावाचं मानक झालं. मी रोज ज्या भाषांमध्ये काम करतो त्यातल्या बऱ्याच तेव्हा जन्मालाही आल्या नव्हत्या.

मी काय केलं असेल? बरोबर. एक्सेल शीट उघडली. चौदा सॉफ्टवेअर, अकरा रकाने, प्रत्येक रकान्याला वजन, शेवटी गुणांची बेरीज. पहिला वीकांत गेला. दुसऱ्या वीकांताला वजनं बदलली, कारण मला आवडलेलं सॉफ्टवेअर तिसरं येत होतं.

ही निवड मी उलटीकडून करत होतो हे कळायला तिसरा वीकांत उजाडला. कॅडपासून सुरुवात केली तर पर्याय संपतच नाहीत. सुरुवात मशीनपासून केली तर अर्धे पर्याय आपोआप गळतात. उदाहरणार्थ लिनक्ससीएनसी. भन्नाट प्रकार. अमेरिकेच्या 'निस्ट' या सरकारी मानक संस्थेने बनवलेल्या कंट्रोलरमधून तो जन्मला, मोठमोठी मशीनं त्यावर चालतात. पण त्याला मशीनपाशी कायम एक वेगळा संगणक लागतो, खास वेळ पाळणारं लिनक्स त्यावर चढवावं लागतं. माक३ हे नाव जुन्या हौशी लोकांच्या तोंडी असतंच, पण त्याचा पॅरलल पोर्टवाला मार्ग ३२-बिट विंडोजवरच चालतो, आणि माझ्या लॅपटॉपला पॅरलल पोर्ट कुठला आलाय! दोन्हींवर काट.

आणि मुळात माझ्या मशीनचं डोकं आधीच ठरलेलं होतं. बोर्डावर आर्डुइनो ऊनोत असते तीच एटीमेगा३२८ चिप, आणि तिच्यात जीआरबीएल. २००९ साली नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड याने हे सुरू केलं, पुढे इतरांनी वाढवलं. चिपमध्ये जागा किती? प्रोग्रामला ३२ किलोबाइट, रॅम २ किलोबाइट. एवढ्याशा खोलीत तो जी-कोडच्या ओळी समजून घेतो, पुढच्या पंधरा-सोळा चाली आधीच बघून वेग कुठे वाढवायचा आणि वळणावर कुठे आवरायचा ते ठरवतो, आणि मोटरना सेकंदाला हजारो ठोके देतो. आमच्या ऑफिसातली एक सर्व्हिस नुसतं "मी जिवंत आहे" एवढं सांगायला ४०० एमबी खाते. (मॅनेजर हे वाचत नसावा.)

जीआरबीएलला सगळं गणित साधं लागतं. मोटरच्या एका फेऱ्याला २०० पावलं, ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १६ भाग करतो, आणि एका फेऱ्यात माझा स्क्रू ४ मिलिमीटर सरकतो. २०० गुणिले १६ भागिले ४, म्हणजे ८००. एका मिलिमीटरला ८०० ठोके. हा आकडा $१०० या सेटिंगमध्ये लिहायचा. तो चुकला तर वर कितीही भारी सॉफ्टवेअर ठेवा, १०० मिलिमीटरची रेघ १०० ची येणार नाही. बाबांनी व्हर्नियर काढून मोजली. ९९.९. "चालेल," म्हणाले. बाबांच्या तोंडून 'चालेल' म्हणजे आमच्याकडचं 'ऑसम'.

*

बाबांबद्दल सांगायला हवं. ते चिंचवडला एका कंपनीत टर्नर होते. १९९६ साली तिथे पहिलं सीएनसी लेथ आलं आणि सगळ्यांना वाटलं, आता आपलं काम गेलं. काहींचं गेलंही. बाबा इंग्रजीला घाबरायचे, म्हणून त्यांनी एका शंभरपानी वहीत सगळे कोड मराठीत लिहून पाठ केले. ती वही अजून आहे. जी०० म्हणजे 'पळ'. जी०१ म्हणजे 'काप'. जी०२ 'गोल, घड्याळासारखं'. जी०३ 'गोल, उलटं'. एम०३ 'फिरव'. एम०५ 'थांबव'. एम३० 'संपलं'. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर झालो तेव्हा नातेवाईक म्हणायचे, घरात पहिलाच प्रोग्रामर. बाबाही मान डोलवायचे. मला तेव्हा ती वही माहीतच नव्हती.

निवृत्त झाल्यापासून मात्र त्यांनी मशीनचा विषय टाकलाच होता. माझं ३०१८ पहिल्यांदा बघून म्हणाले, "खेळणं आहे." मग लांबून बघत राहिले. मग खुर्ची आणली.

*

चौथा वीकांत कॅडचा. पाटीसाठी थ्रीडी लागत नाही, सपाट अक्षरं लागतात. तरी मी एक भारदस्त थ्रीडी कॅड उतरवून घेतलं आणि त्याच्या टेक्स्टच्या खिडकीत 'श्रमसाफल्य' टाइप केलं. आलं काय? "श्‌रमसाफल्‌य". श चा पाय मोडलेला, ल चाही, आणि र, य आपले वेगळे उभे. नव्वदच्या दशकातल्या लग्नपत्रिकेसारखं. कारण साधं आहे. जोडाक्षर म्हणजे नुसती अक्षरं ओळीने मांडणं नव्हे, कुणाला तरी ती जुळवावी लागतात, आणि इंजिनिअरिंगच्या प्रोग्रामांमध्ये टेक्स्टचा भाग बहुतेक वेळा रोमन लिपी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेला असतो. माझ्या एक्सेलच्या अकरा रकान्यांमध्ये 'जोडाक्षरं जुळतात का?' हा रकाना नव्हता. मराठी माणसाने केलेली शीट, बरं का!

इंकस्केपमध्ये मात्र पहिल्या फटक्यात नीट आलं. फॉन्ट घेतला मुक्त, मुंबईच्या एक टाइपचा, फुकट आणि सात जाडींमध्ये मिळणारा. मी सगळ्यात ठसठशीतपैकी एक जाडी निवडली. मग अक्षरांचं रूपांतर बाह्यरेषांमध्ये केलं, म्हणजे पुढच्या प्रोग्रामला फॉन्टशी काही देणंघेणं राहत नाही.

इथे आणखी एक खड्डा आहे, तो सांगून ठेवतो. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेषा घेऊन येतं, आणि सलग दिसावी म्हणून शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात. पडद्यावर कळत नाही. कापताना कळतं! जिथे दोन बाह्यरेषा एकमेकींवर येतात तो भाग कॅमला 'बाहेरचा' वाटू शकतो. पाइनच्या फळकुटावर पहिली चाचणी केली तेव्हा शिरोरेषेत प्रत्येक सांध्यावर लाकडाचा एक बारीक दात न कापता राहिला. उपाय सोपा आहे, इंकस्केपमधली 'युनियन' आज्ञा. सगळ्या आकृत्यांची एकच आकृती होते. पण माझे दोन तास गेले.

*

पाचवा वीकांत कॅमचा. तेव्हाचं फ्यूजन ३६० हौशी लोकांत फार लोकप्रिय, आणि आहेही देखणं. पण २०२० च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या फुकट परवान्याच्या अटी बदलल्या. एका वेळी दहाच फाइल संपादनाला खुल्या, आणि जी-कोडमधली 'पळ' चालही कापायच्या वेगानेच. माझ्या मशीनचा पळायचा वेग मुळातच बेताचा, मला त्याने फार फरक पडला नसता. आणि कंपनीने फुकट द्यायलाच हवं असा काही नियम नाही. मनात एवढंच आलं की फुकट राहायचं तर घरमालकाच्या अटी बदलू शकतात हे धरून राहायचं. पाटी एकदाच करायची आहे, पण फाइल मला दहा वर्षांनीही उघडायची आहे.

म्हणून फ्रीकॅड. २००२ पासून चालू असलेला मुक्त प्रकल्प, आवृत्ती १.० आली २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये. बावीस वर्षांनी १.०! आमच्याकडे दर पंधरवड्याला रिलीज असतो, त्यामुळे मी उगाच ओशाळलो. शिकायला अवघड आहे, खोटं कशाला बोला. पण त्यात व्ही-कोरीव काम आहे, जीआरबीएलसाठी फाइल काढायची सोय आहे, आणि निघालेल्या फाइलमध्ये कुठलं काम कुठे सुरू होतं याच्या टिपा कंसात लिहिलेल्या असतात.

व्ही-कोरीव काम म्हणजे टोकदार कटर. अक्षराची रेघ जितकी रुंद तितकं ते खोल उतरतं. कटर ६० अंशांचं असेल तर खोली रुंदीच्या ०.८७ पट. जुन्या देवळांच्या दगडांवर छिन्नीने कोरलेली अक्षरं असतात ना, तसा उतार येतो. सेंडर म्हणून युनिव्हर्सल जी-कोड सेंडर घेतला, कारण कुठली ओळ चालू आहे ते तो दाखवतो आणि तिन्ही अक्षांचा झीरो वेगवेगळा घेता येतो.

सेंडर कुठलाही असो, त्याच्याखालचा लॅपटॉप झोपता कामा नये. हे मी चाचणीच्या वेळी शिकलो. चहा आणायला गेलो, लॅपटॉपने डोळे मिटले, ओळी पाठवणं थांबलं. मशीन हातातल्या चाली संपवून जागच्या जागी उभं, आणि स्पिंडल फिरतंच. परत आलो तर पाइनमधून धूर! चूक माझीच, सेटिंग बघितलं नव्हतं.

*

सहाव्या रविवारी सकाळी सगळं तयार होतं. पडद्यावर सिम्युलेशन चालवलं. आभासी कटर आभासी सागवानातून लोण्यासारखं फिरलं. मी म्हटलं, "बाबा, चला, बांधू जॉब."

बाबा म्हणाले, "फाइल दाखव."

"बाबा, हे बघा ना, अख्खं थ्रीडी दिसतंय..."

"चित्र नको. फाइल दाखव."

नोटपॅडमध्ये उघडली. नऊ हजारांच्या वर ओळी. त्यांनी चष्मा लावला. "पहिल्या वीस दाखव आणि शेवटच्या दहा." जी२१ आहे का, म्हणजे मिलिमीटर, इंच नव्हे. झेड वर गेल्याशिवाय आडवा 'पळ' तर नाही. एम०३ पहिल्या कापाच्या आधी आहे का. शेवटी आधी वर उचलतंय, मग थांबतंय का. बोट ठेवून ठेवून वाचलं. मग म्हणाले, "आता सगळ्यात खालचा झेड सांग."

नऊ हजार ओळींत तो शोधणं त्यांना शक्य नव्हतं. मला होतं. पायथनच्या दोन ओळी, अर्धा मिनिट. उत्तर आलं, उणे ४.३१.

त्यांनी ड्रॉवरमधून कटर काढलं, व्हर्नियरमध्ये धरलं. "शँक सव्वातीन. नाही, ३.१७. साठ अंशांचं टोक. म्हणजे धार किती खोल आहे?"

मी गणित केलं. व्यासाचा अर्धा भागिले टॅन ३०. २.७५ मिलिमीटर. त्याच्यावर धारच नाही, नुसता गोल गुळगुळीत दांडा. २.७५ च्या पुढे कटर कापणार नव्हतं. दांडा लाकडावर घासला असता, लाकूड जळलं असतं, आणि सागवानात बहुतेक कटरही मोडलं असतं. आणि सिम्युलेशन? सिम्युलेशनमध्ये कटरचा व्यास मी ६ लिहिला होता. कधीतरी दुसऱ्या वीकांताला, कुठल्या तरी उदाहरणावरून उचललेला आकडा. सॉफ्टवेअरने त्यावर विश्वास ठेवला. ते दुसरं काय करणार? त्याच्याकडे व्हर्नियर नव्हता.

मी गप्प बसलो. पाच वीकांत मी चौदा सॉफ्टवेअरांना प्रश्न विचारत होतो. ड्रॉवरमधल्या कटरला एकदाही विचारलं नव्हतं.

बाबा काही टाकून बोलले नाहीत. "कंपनीत फर्स्ट पीसला असंच व्हायचं," एवढंच म्हणाले. मग दोन रस्ते होते, मोठ्या शँकचं कटर आणि त्याचं कॉलेट मागवायचं, किंवा अक्षरं बारीक करायची. "बारीक कर. आजोबांची सही पण बारीकच होती." मुक्तची हलकी जाडी घेतली, सगळ्यात रुंद जागा ३ मिलिमीटरच्या आत. पुन्हा युनियन, पुन्हा कॅम, पुन्हा पायथन. उणे २.५८. "चालेल."

जॉब बांधायच्या आधी त्यांनी फळीवरून लोहचुंबक फिरवलं. एका कोपऱ्यात ते चिकटलं. आत मोडलेला खिळा, वरून दिसतही नव्हता. पक्कड आणि पातळ छिन्नीने वीस मिनिटांत काढला. चौकोनी, गंजलेला, घडीव खिळा. तो त्यांनी खिशात टाकला.

मग ड्राय रन. झेडचा झीरो २० मिलिमीटर वर घेऊन अख्खी फाइल हवेत चालवली. मला वाटलं हा वेळेचा अपव्यय आहे, पण बोललो नाही. एका ठिकाणी क्लॅम्पच्या नटावरून कटर जेमतेम बोटभर अंतराने गेलं. क्लॅम्प सरकवला.

आणि मग खरं काम. मिनिटाला ४०० मिलिमीटर वेग, माझा हात थांबवायच्या बटणावर, बाबांचा हात टेबलाच्या कडेवर. ते बघत नव्हते, ऐकत होते. 'फ' च्या पोटात आवाज थोडा चढला. "वेग कमी कर." ८० टक्के केला, आवाज उतरला. सव्वा तासाने मशीनने कटर वर उचललं आणि थांबलं. भुसा फुंकला. सागवानाचा तो वास आला, गावच्या माजघराचा.

पाटी आता दाराबाहेर आहे. खिळ्याचं भोक भुसा आणि गोंद भरून बुजवलंय, 'य' च्या उजवीकडे नीट बघितलं तर दिसतं.

कुणी घेणार असाल तर माझ्या एक्सेल शीटचं सार चार ओळींत देतो. मशीनच्या कंट्रोलरपासून सुरू करा आणि मागे चित्राकडे या. आपलं जोडाक्षर टाइप करून बघा. हातात जी-कोडची साधी फाइल येत नसेल ते सॉफ्टवेअर कितीही गोड असलं तरी घेऊ नका. आणि फाइल आली की कापायच्या आधी ती वाचा, कटर हातात धरून.

काल ऑफिसातून आलो तर बाबा माझ्या लॅपटॉपसमोर बसले होते. नोटपॅड उघडं, शेजारी शंभरपानी वही. म्हणाले, "ते सगळ्यात खालचा झेड काढायचं तुझं दोन ओळींचं, ते जरा लिहून दे. मराठीत."